"कर्नल मेमरीचा हिशेब बंद ठेवा" हा सल्ला सरसकट देऊ नका

अंत्रुजकन्या

पर्वरीकरबाबांनी परवा लिहिलं होतं: "कंटेनर सतत बनत-मोडत असतील तर बूट ओळीत सीग्रुप.मेमरी=नोकेमेम टाका. कर्नल मेमरी मोजून कुणाचं भलं झालेलं नाही, गळती मात्र हमखास." हे वाचून राग आला. लिनक्सच्या ३.१० कर्नलपुरतं ते खरं आहे, पण लोक ते डोळे झाकून ६.१ वर लावणार.

नोकेमेम म्हणजे कर्नलने कंटेनरच्या कामासाठी वापरलेली मेमरी त्याच्या सीग्रुपच्या (लिनक्समधला प्रोसेसचा गट, मर्यादा त्यावर लागतात) नावावर न मोजणं. ते टाकल्यावर काय होतं ते बघा. गटाला मेमरी.मॅक्स (वापराची कमाल मर्यादा) ५१२ एमबी दिलंय. आतला प्रोग्राम नसलेल्या फाइली शोधत सुटला की प्रत्येक फसलेल्या शोधामागे एक निगेटिव्ह डेन्ट्री, म्हणजे "या नावाची फाइल नाही" अशी कर्नलची नोंद, उरते. ६४ बिट एक्स८६ वर ती १९२ बाइटची, ४ केबीच्या पानात २१ बसतात. एक कोटी नावांचे साधारण १.९ जीबी. हिशेब चालू असेल तर हे त्याच गटाच्या नावावर पडतं आणि मर्यादेला टेकल्यावर त्याच्याच डेन्ट्री छाटल्या जातात. बंद असेल तर मेमरी.करंट (गटाचा चालू वापर) मुख्यतः प्रोग्रामची पानं आणि पेज कॅश (फाइलींच्या मेमरीतल्या प्रती) दाखवतं, बाकीचा भार सगळ्या मशीनवर.

मशीनच खचलं की ओओएम किलर, म्हणजे प्रोसेस मारून मेमरी सोडवणारा कर्नलचा भाग, येतो. तो सावज कसं निवडतो? प्रोसेसची आरएसएस (रॅममधली तिची पानं), स्वॅप आणि पेज टेबल (पानांच्या पत्त्यांचे तक्ते) मिळून. स्लॅब, म्हणजे डेन्ट्रीसारख्या कर्नलच्या छोट्या वस्तूंची मेमरी, त्यात धरतच नाही. म्हणजे गोंधळ घालणारा कंटेनर सुटतो आणि शेजारचा मोठा डेटाबेस मरतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. खाजनाच्या (खाडीकाठच्या शेतजमिनीच्या) बांधात मानशीचं (पाणी अडवणाऱ्या झडपेचं) एक दार उघडं ठेवलं तर खारं पाणी फक्त उघडणाऱ्याच्या शेतात थांबत नाही, हे गोव्यात तरी कुणाला सांगावं लागू नये.

पर्वरीकर

बाई, उदाहरण सोयीचं निवडलंत. निगेटिव्ह डेन्ट्री परत घेता येतात. मशीनवर दाब आला की हिशेब असो-नसो त्या छाटल्याच जातात, त्यासाठी ओओएमची पाळी येत नाही.

३.१० वर काय होतं तेही सांगा ना. तिथे हिशेब सुरू झालेल्या प्रत्येक गटाला स्लॅबच्या स्वतंत्र कॅश मिळायच्या. गट वापरेल त्या प्रत्येक प्रकारासाठी वेगळी कॅश, आणि तिच्यात निदान एक अर्धवट भरलेलं पान. गट मोडला तरी एखादी डेन्ट्री जिवंत असेल तर कॅश जात नव्हती. मेमकगचे (मेमरी मोजणाऱ्या गटांचे) आयडी ६५,५३५. ते संपले की नवा गट बनत नाही. रनसी (कंटेनर सुरू करणारं साधन) तर गट बनवताच केमेम (कर्नल मेमरी) मर्यादा आधी १ आणि मग -१ लिहायचं, फक्त हिशेब सुरू करण्यासाठी. कुणी मागितलेलंही नसायचं. म्हणूनच पुढे रनसी नोकेमेम टॅग लावून बांधायची सोय झाली. डिसेंबरच्या हंगामात हॉटेल बुकिंगचं काम तासाला शेकडो कंटेनर उडवत असेल तर त्या यंत्रावर दुसरा इलाज नव्हता.

अंत्रुजकन्या

डेन्ट्रीचं मान्य. उदाहरण मी ढिसाळ निवडलं.

मग परत न घेता येणारं घ्या. प्रत्येक थ्रेडमागे १६ केबीची कर्नल स्टॅक, २०,००० थ्रेडना सुमारे ३१० एमबी, वर टास्क स्ट्रक्चर वेगळं. पेज टेबल. उघड्या फाइलींनी धरून ठेवलेल्या डेन्ट्री आणि आयनोड (फाइलीच्या माहितीची नोंद), एक्स्ट४ चा आयनोड साधारण एक केबीचा. यातलं काहीही दाब आल्यावर आपोआप सुटत नाही.

३.१० चं तुम्ही लिहिलंत ते सगळं बरोबर. पण ५.९ मध्ये, २०२० साली, स्लॅबची रचनाच बदलली. गटागटाच्या वेगळ्या कॅश गेल्या, एकाच पानात अनेक गटांच्या वस्तू राहतात, प्रत्येक वस्तूचे बाइट तिच्या गटाच्या नावावर पडतात आणि गट मोडला की तो हिशेब वरच्या गटाकडे सरकतो. तुमची तक्रार ज्या यंत्रणेबद्दल आहे ती आता कर्नलमध्ये नाही.

बार्देशकर

थ्रेडसाठी पिड्स.मॅक्स (गटातल्या थ्रेडच्या संख्येची मर्यादा) आहे की. ४०९६ ठेवा, स्टॅकचे जास्तीत जास्त ६४ एमबी. त्यासाठी मेमरीचा हिशेब कशाला हवा?

आणि उलट बाजू कुणीच बोलत नाही. क्युबलेट (कुबरनेटीसचा प्रत्येक मशीनवरचा कारभारी) वर्किंग सेट, म्हणजे प्रत्यक्ष लागणारी मेमरी, काढताना एकूण वापरातून फक्त इनअॅक्टिव्ह फाइल (अलीकडे न वापरलेली पेज कॅश) वजा करतो. परत घेता येणारी स्लॅब त्यात तशीच राहते. प्रोग्राम १२० एमबी खातोय आणि आलेखात २४० दिसतात. मग रात्री दोनला कुणीतरी मर्यादा दुप्पट करून मोकळा होतो.

अंत्रुजकन्या

तो दोष मोजणाऱ्याचा नाही, आलेख वाचणाऱ्याचा. मेमरी.स्टॅट उघडा: स्लॅब_रिक्लेमेबल, स्लॅब_अनरिक्लेमेबल, कर्नल_स्टॅक, पेजटेबल्स, परसीपीयू, सॉक, सगळं वेगळं लिहिलेलं आहे. रिक्लेमेबल मोठं असेल तर घाबरायचं कारण नाही. ५.१९ पासून मेमरी.रिक्लेम मध्ये १०० एम लिहून किती सुटतं ते तिथेच बघता येतं. अनरिक्लेमेबल रोज वाढत असेल तर मर्यादा वाढवून काही होणार नाही, गळती शोधा.

मांडवीकाठ

पेज टेबलचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलतो, कारण पोस्टग्रेस डेटाबेस कंटेनरात घालणारे निम्मे लोक इथेच फसतात. समजा पोस्टग्रेसची सामायिक कॅश, शेअर्ड_बफर्स, ८ जीबी. ४ केबीची २०,९७,१५२ पानं, प्रत्येकी ८ बाइटची नोंद, म्हणजे १६ एमबी पेज टेबल. आणि हे प्रत्येक बॅकएंडचं (एकेका जोडणीमागच्या प्रोसेसचं) वेगळं, कारण मेमरी सामायिक असली तरी टेबलं सामायिक नसतात. २०० जोडण्या सगळे बफर फिरून आल्या की ३ जीबीच्या वर. मर्यादा १२ जीबी ठेवलेली असते, ८ बफरला, उरलेल्या ४ मधले ३ असे जातात आणि मग वर्क_मेमवर (क्वेरीला मिळणाऱ्या मेमरीवर) खापर. हिशेब बंद केला तर हे ३ जीबी दिसणारसुद्धा नाहीत.

बार्देशकर

२०० थेट जोडण्या ठेवायच्याच कशाला? पीजीबाउन्सर (थोड्या जोडण्या अनेकांत वाटणारं साधन) लावा, ३० बॅकएंड, विषय संपला.

मांडवीकाठ

विषय संपत नाही. बाउन्सरच्या ट्रान्झॅक्शन मोडमध्ये (जोडणी एका ट्रान्झॅक्शनपुरतीच मिळते) सेशनचे अॅडव्हायझरी लॉक, लिसन, सेशनभरासाठीचं सेट, सगळं मोडतं. बाउन्सर १.२१ पासून प्रिपेअर्ड स्टेटमेंट चालतात, तेही प्रोटोकॉल पातळीवरचीच. ज्यांचं सॉफ्टवेअर या गोष्टींवर उभं आहे त्यांना "बाउन्सर लावा" म्हणणं म्हणजे पुन्हा लिहून काढा म्हणणं.

ह्यूजपेज वापरा. २ एमबीची पानं घेतली की तेच ८ जीबी ४०९६ नोंदींत बसतात. पोस्टग्रेस १५ पासून सर्व्हर बंद ठेवून पोस्टग्रेस -सी (कॅपिटल सी) शेअर्ड_मेमरी_साइझ_इन_ह्यूज_पेजेस चालवा, आकडा मिळेल. तेवढा व्हीएम.एनआर_ह्यूजपेजेस मध्ये बूटच्या वेळीच ठेवा, मागाहून सलग जागा मिळेलच असं नाही. ह्यूज_पेजेस=ऑन करा, ट्राय नको. ट्राय असेल तर पानं कमी पडल्यावर तो गुपचूप ४ केबीवर येतो आणि महिनाभर कुणाला पत्ता लागत नाही.

साष्टीचा_पेंग्विन

ट्रान्सपरंट ह्यूजपेज (कर्नल आपणहून देतो ती मोठी पानं) चालूच असतात बहुतेक ठिकाणी. एवढा खटाटोप कशाला?

मांडवीकाठ

शेअर्ड_बफर्स ही सामायिक मेमरी, कर्नलच्या लेखी शमेम. तिच्यासाठी शमेम_एनेबल्ड ही वेगळी किल्ली आहे आणि ती मुळात नेव्हर असते. तुम्ही म्हणता ती, बहुतेक ठिकाणी चालू असलेली किल्ली अॅनॉनिमस (प्रोसेसच्या खासगी) मेमरीची. दोन्हींची गल्लत करून सल्ला देऊ नका, कुणाचा तरी डेटाबेस जातो.

साष्टीचा_पेंग्विन

ठीक, ती किल्ली वेगळी आहे हे बरोबर. पण मग तुम्हीही अर्धंच सांगताय. राखून ठेवलेली ह्यूजपेज मुळात मेमरी.मॅक्समध्ये मोजली जात नाहीत, त्यांची मर्यादा बघणारा ह्यूजटीएलबी कंट्रोलर वेगळा. ८ जीबी तिकडे हलवून मर्यादा १२ च ठेवली तर गटाला प्रत्यक्षात २० दिल्यासारखं झालं. ४ वर आणा.

मांडवीकाठ

हे मी लिहायला हवं होतं. ४ वर आणा.

पर्वरीकर

धागा गट बनवण्याबद्दल होता, पोस्टग्रेसचा नव्हता. माझा मूळ मुद्दा अजून तसाच आहे: नुसतं एमकेडिर (फोल्डर बनवून नवा गट उभा करणं) केलं तरी कर्नल मेमरी खातो. प्रत्येक नियंत्रण फाइलीमागे कर्नएफएसची (अशा फाइली दाखवणाऱ्या कर्नलच्या यंत्रणेची) नोंद, वर सीपीयूगणिक मोजपट्ट्या. आत एकही प्रोसेस नसताना.

अंत्रुजकन्या

इथे तुमचं पूर्ण बरोबर आहे, आणि लोक याकडे बघतच नाहीत. मेमकगच्या स्वतःच्या सीपीयूगणिक मोजपट्ट्या ५.९ पासून पालक गटाच्या नावावर पडतात. पण गट बनवताना लागणारी सगळीच मेमरी अशी नोंदली जात नाही. शिवाय ती चालू सीपीयूंवर नाही, शक्य सीपीयूंवर ठरते. /सिस/डिव्हायसेस/सिस्टम/सीपीयू/पॉसिबल बघा. व्हर्च्युअल मशीनला ४ सीपीयू दिलेत पण हॉटप्लगमुळे तिथे ०-१२७ दिसत असेल तर ४ नाही, १२८ वाटे निघतात. समजा सीपीयूमागे ४ केबी. गटाला ५१२ केबी, ५,००० गटांना अडीच जीबी. बूट ओळीत पॉसिबल_सीपीयूज=४ टाकलं की ८० एमबी. प्रॉक/मेमइन्फोमधली परसीपीयू ओळ आधी आणि नंतर ताडून बघा.

नोकेमेम मात्र यातली एक पैही वाचवत नाही. मेमरी जायची ती जातेच, फक्त कुणाच्या नावावर नसते.

पर्वरीकर

३.१० वर मी सल्ला मागे घेणार नाही. अशी यंत्रं अजून आहेत, सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला तरी. ५.९ च्या पुढे हिशेब चालू ठेवा, एवढं मूळ लेखात घालतो. पण तुम्ही गटांच्या संख्येवर लगाम सांगितला नाहीत.

अंत्रुजकन्या

सीग्रुप.मॅक्स.डिसेंडंट्स. मुळात ती मॅक्स असते, म्हणजे लगामच नाही. जो उपवृक्ष कंटेनरला सोपवता त्याच्या मुळाशी आकडा लिहा, समजा २००, आणि त्या फाइलीची मालकी सोपवू नका. एक खोट आहे: ही मर्यादा दिसणारे गटच मोजते. मोडलेले पण मेमरी धरून बसलेले सीग्रुप.स्टॅटमध्ये एनआर_डाइंग_डिसेंडंट्समध्ये दिसतात, त्यांच्यावर वेगळं लक्ष ठेवा.

बार्देशकर

आणि एमकेडिर फसलं तर चूक वाचा, सरळ यंत्र रीबूट करू नका. "रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल" आलं तर ही डिसेंडंट्सची मर्यादा लागलीय. "कॅनॉट अलोकेट मेमरी" आलं तर पालक गटाचं मेमरी.मॅक्स बघा. "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" आलं तर डिस्कवर जागा शोधत बसू नका, मेमकगचे आयडी संपलेत.