मदत हवी आहे: सायकलसाठी छोटा पंप सुचवा (जरा घाई आहे)

उतारप्रेमी
रविवारी ग्रुपबरोबर बोपदेव घाटातून सासवडला जायचंय. मागचं चाक सारखं पंक्चर होतंय. काढून आणलं की दोन दिवस नीट, मग पुन्हा जैसे थे. मित्राचा छोटा पंप लावून पाहिला, तर हवा आत जायच्या ऐवजी बाहेरच फुसफुसते. बजेट दीड हजार. मॉडेलचं नाव सांगा, लगेच ऑर्डर करतो. ‘आधी गूगल करा’ कृपया नको.

घाटवेडा
सायकल कुठली? टायरवर काय आकडे आहेत? व्हॉल्व्ह कसला?

उतारप्रेमी
साधी हायब्रिड आहे हो. टायर नेहमीचाच. व्हॉल्व्ह सगळ्यांचे सारखेच असतात ना?

चहाबाज
नसतात, भाऊ. मोटरसायकलसारखा जाड असेल तर श्रेडर. बारीक आणि टोकाला इवलीशी पितळी चकती असेल तर प्रेस्टा. जुन्या काळ्या सायकलींना डनलॉप, त्यात ती रबरी वॉलट्यूब असते. फोटो टाका.

वेगळी वाट
हातपंपाच्या भानगडीत पडूच नका. १६ ग्रॅमची सीओटू काडतुसं (दाबून भरलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळ्या) ठेवा. काही सेकंदांत टायर टणक, दंडाला व्यायाम नाही.

घाटवेडा
@वेगळी वाट, आणि दुसऱ्यांदा पंक्चर झालं तर? काडतूस एकदाच चालतं. शिवाय तो वायू रबरातून लवकर झिरपतो, दुसऱ्या दिवशी चाक मऊ. शर्यतीत ठीक आहे, घाटात हातपंपच.

वेगळी वाट
दोन काडतुसं ठेवायची. त्यात काय एवढं! तुम्हाला नवीन काही पटतच नाही.

नानासाहेब
मी तर म्हणतो सीटची उंची आधी तपासा. निम्म्या लोकांची सीट खाली असते, मग गुडघे बोलायला लागतात.

उतारप्रेमी
नाना, गुडघे ठणठणीत आहेत. व्हॉल्व्ह बारीकवाला निघाला. टायरवर ७०० x ३२ लिहिलंय. आता तरी पंप सांगा!

चहाबाज
म्हणजे प्रेस्टा. ती चकती बोटाने उलटी फिरवून सैल केली होती का? सैल करायची, टोक एकदा दाबून ‘फुस्स’ झालं की मगच पंप लावायचा. नाहीतर व्हॉल्व्ह उघडतच नाही. पंपाचं तोंडही प्रेस्टाच्या बाजूला हवं. बऱ्याच पंपांत आतलं रबर उलटून बसवावं लागतं. मित्राची सायकल एमटीबी (माउंटन बाइक) असेल तर पंप श्रेडरवर लावलेला असणार, म्हणूनच फुसफुस.

घाटवेडा
३२ च्या टायरला १२० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) जाहिराती बघू नका. साधारण ६०-७० पुरे, नक्की मर्यादा टायरच्या कडेवर छापलेली असते. नावापेक्षा एक गोष्ट बघा: पंपाला छोटी रबरी नळी हवी. नळी नसेल तर पंप थेट व्हॉल्व्हवर बसतो, जोर लावताना हात हलतो आणि प्रेस्टाचं टोक वाकतं. मग भर रस्त्यात ट्यूबच गेली. सोबत जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर रिमवरून काढायच्या पट्ट्या) आणि प्रेस्टाचा पितळी अडॅप्टर ठेवा. तो लावला की मोटरसायकलवाल्या टपरीवरही हवा भरता येते.

पण खरं दुखणं पंप नाहीच. पंक्चर ट्यूबच्या कुठल्या बाजूला होतं? आतल्या बाजूला, म्हणजे रिमकडे, असेल तर रिम टेप (स्पोकच्या टोकांपासून ट्यूब वाचवणारी रिममधली पट्टी) सरकली आहे. शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर हवा कमी ठेवता आणि खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटते. बाहेरच्या बाजूला एकाच जागी असेल तर काहीतरी टायरमध्येच अडकलंय.

उतारप्रेमी
ठिगळ दुकानदार लावतो, मी कशाला बघू? बरं, आत्ता काढून बघितलं. तीन ठिगळं, सगळी बाहेरच्या बाजूला, अगदी जवळजवळ.

घाटवेडा
मग तारच. ट्रकचे टायर फुटले की त्यातल्या केसाएवढ्या तारा रस्त्याच्या कडेला पडतात आणि आपण नेमके कडेनेच जातो. डोळ्यांना दिसत नाही. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा, जिथे कापूस अडकेल तिथे चिमट्याने ओढा. बोट फिरवू नका, सरळ घुसतं. आणि ट्यूब बसवताना व्हॉल्व्ह टायरवरच्या नावासमोर आणा, म्हणजे पुढच्या वेळी ट्यूबचं भोक टायरशी ताडून बघता येतं.

नानासाहेब
सासवडला जाताच आहात तर पुरंदरची अंजिरं बघा. हंगाम असेल तर सोडू नका. आणि दिवे घाटाने परतू नका, ट्रक फार.

वेगळी वाट
हे सगळं करण्यापेक्षा टायर ट्यूबलेस करून सीलंट (भोक बुजवणारं द्रव) घाला. तार घुसली तरी आपोआप बुजतं.

चहाबाज
दीड हजारात? रिम चालतं का ते तरी विचारा आधी त्यांना.

उतारप्रेमी
निघाली! जेमतेम तांदळाएवढी. नळीवाला पंप मागवला, शुक्रवारी येतोय. नाना, परत कसं यायचं ते ग्रुपच ठरवतो.

नवशिका
याच धाग्यात विचारतो. मुलीच्या १६ इंची सायकलचं चाक रात्रीत बसतं, पाण्यात ट्यूब बुडवली तर बुडबुडे नाहीत. कुठला पंप घेऊ?

चहाबाज
व्हॉल्व्ह बुडवला होता का?