मदत हवी आहे: सिडनी-होबार्ट ही शिडाच्या बोटींची शर्यत आईबाबांना कुठून दाखवू?

नमस्कार मंडळी,

आईबाबा डिसेंबरात पहिल्यांदाच सिडनीला येताहेत. ऑपेरा हाऊस, ब्लू माउंटन्स हे सगळं माझ्यावर सोपवलंय, पण बाबांनी एक ओळ स्वतः लिहून पाठवली: "२६ तारीख, होबार्टच्या बोटी. चुकवायचं नाही." बाबांची सगळी नोकरी गोदीत झाली. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून दिलीप दोंदे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तेव्हापासून शिडाच्या बोटी म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

मी मात्र ही शर्यत सहा वर्षं फक्त टीव्हीवर पाहिली आहे, तीही नाताळचं जेवण जिरवत सोफ्यावरून. अडचणी अशा: आईचे गुडघे दुखतात, चढउतार नको. तिला बोट लागते, त्यामुळे भाड्याच्या बोटीतून बघणं बाद. आणि बाबांना 'ठिपके' नकोत, शिडं दिसायला हवीत. कुठे जाऊ? किती वाजता? शिवाय शेवट बघायला टास्मानियात, होबार्टला जाण्यात अर्थ आहे का?

पोहे_विथ_व्हेजीमाइट:
सुरुवात दुपारी बरोबर १ वाजता. १२:५० ला इशाऱ्याची तोफ, १२:५५ ला दुसरी. मोठ्या शंभर फुटी बोटी पाहता पाहता बंदराच्या तोंडातून बाहेर पडतात, म्हणून एकला पोचलात तर पाठच दिसेल. आम्ही दरवर्षी साडेदहाला सतरंजी टाकतो.

वॉटसन्स बेला उतरून साउथ हेडच्या, म्हणजे बंदराच्या तोंडाच्या दक्षिण टोकावरच्या लाल-पांढऱ्या दीपगृहापर्यंत चालत जा. बोटी अगदी जवळून जातात.

माहीमचा_तांडेल:
पोहेभाऊ, त्या वाटेवर पायऱ्या आहेत, काकूंना जड जाईल. आणि वाटेत लेडी बे लागतो हे सांगायचं विसरलात! तिथे लोक कायदेशीररीत्या विनाकपडे पहुडलेले असतात. मी सासूसासऱ्यांना घेऊन गेलो होतो. सासरे दुर्बीण घेऊन आले होते. पुढचं विचारू नका.

धागाकर्त्या, नॉर्थ हेडला, म्हणजे तोंडाच्या उत्तर टोकाला जा. मॅनलीपर्यंत फेरीबोट, पुढे बस. टोकाजवळची पायवाट पक्की आणि बरीचशी सपाट आहे. तिथून काय दिसतं ते सांगतो: बोटी शार्क आयलंडच्या उत्तरेकडून सुटतात, बंदराच्या तोंडाशी येतात आणि खुल्या समुद्रातली खूण ओलांडून उजवीकडे, दक्षिणेला वळतात. ईशान्येचा वारा असेल तर वळल्यावर एकेक करून रंगीत स्पिनाकर, म्हणजे पुढची फुग्यासारखी मोठी शिडं, फुगतात. काकांना हेच हवंय. दक्षिणेचा वारा असला तर मात्र स्पिनाकर विसरा, बोटी नागमोडी जातात. तेही बघण्यासारखं असतं, फक्त फोटो फिके येतात.

सुटतानाची गर्दी, ओरडाआरडा, एकमेकींच्या अंगावर जाणाऱ्या बोटी बघायच्या तर ब्रॅडलीज हेड. पण तिथून वळण दिसत नाही. दोन्ही एका दिवसात जमत नाही, एक निवडा.

धागाकर्ती:
लेडी बेबद्दल शतशः आभार 😄 आईने मध्येच १९९८ चं काहीतरी वाचलंय आणि "असलं जीवघेणं बघायला कशाला जायचं" असं चाललंय.

माहीमचा_तांडेल:
ते खरं आहे. त्या वर्षी ११५ बोटी निघाल्या, ४४ पोचल्या, सहा खलाशी गेले. २०२४ लाही दोघे गेले. एकूण ६२८ सागरी मैल, त्यात ऑस्ट्रेलियाची मुख्य भूमी आणि टास्मानिया यांच्यामधली बास सामुद्रधुनी उथळ. पश्चिमेकडून येणारी लाट तिथे उभी राहते आणि दक्षिणेचं वादळ आलं की समुद्र खवळतो. पण काकूंना सांगा, आपण कड्यावर कठड्याच्या आत असतो. आपल्याला धोका उन्हाचा. टोपी, पाणी, सनस्क्रीन.

टास्मानियाची_लेक:
होबार्टचं मी सांगते, इथेच राहते. विमानाचं तिकीट २८ च्या आत पोचणारं काढू नका असं बरेच जण सांगतात, ऐकू नका. विक्रम २०१७ चा, 'कोमांचे' बोटीचा, १ दिवस ९ तास १५ मिनिटं. म्हणजे पहिली बोट २७ च्या रात्रीही येऊ शकते. बहुतेकदा २८ उजाडते. २०२३ ला डरवेंट नदीत, शेवटच्या टप्प्यात लॉकनेक्टने कोमांचेला गाठलं आणि ५१ सेकंदांनी हरवलं. धक्क्यावर आम्ही अक्षरशः किंचाळत होतो.

पण खरी मजा नंतरची. कॉन्स्टिट्यूशन डॉकला, म्हणजे इथल्या धक्क्याला, छोट्या बोटी ३०-३१ पर्यंत येत राहतात, पहाटे तीनला आली तरी टाळ्या वाजवणारे चारपाच जण असतातच. आणि काकांना सांगा, पहिली येणारीच विजेती असं नसतं. बोटीच्या आकारमानाप्रमाणे वेळ सुधारून काढतात, खऱ्या विजेत्याचा टॅटरसॉल कप त्यावर मिळतो. १९४५ ची पहिली शर्यत नऊ बोटींची होती, जिंकणाऱ्या बोटीचं नाव होतं 'राणी'.

धागाकर्ती:
'राणी' वाचून बाबा फोनवर दोन मिनिटं गप्प होते, मग म्हणाले, "होबार्टचं तिकीट काढ." सिडनीला नॉर्थ हेड पक्कं, २८ ला सकाळचं विमान बघते. आईची एकच अट आहे, मॅनलीच्या फेरीतही तिला बोट लागली तर काय करायचं ते आधी सांगा. फेरी टाळून गाडीने गेलो तर त्या दिवशी वर पार्किंग मिळतं का?

माहीमचा_तांडेल:
नऊच्या आत पोचलात तर आशा धरा. नाहीतर गाडी मॅनलीच्या अलीकडे लावून बस. आणि फेरी घेतलीच तर काकूंना खाली, मधोमध बसवा. आल्याची वडी हातात.