मेटाबॉलिझममध्ये पीएचडी : उंदीर की माणसं?

पंचगंगाकाठची
नमस्कार मंडळी. कोल्हापुरातून एमएस्सी बायोकेम झालंय, यंदा सीएसआयआर नेट परीक्षेत जेआरएफ (पीएचडीसाठीची फेलोशिप) पण निघाली. डायबेटिस-लठ्ठपणा यातच पीएचडी करायची हे पक्कं आहे, पुढे सगळा घोळ. एक लॅब उंदरांवर काम करते, फॅटवालं खाणं देऊन लिव्हरचं काय होतं ते बघायचं. दुसरा ग्रुप हॉस्पिटलचा, तिथे माणसांचे सॅम्पल आणि डेटा. की सरळ बाहेर अप्लाय करू? यातून गेलेल्यांनी खरं खरं सांगा प्लीज.

उंदीरमामा
अभिनंदन! पैशाचं म्हणशील तर पहिली 2 वर्षं महिना 37,000, मग एसआरएफ (सीनियर फेलो) झालीस की 42,000, पण दर महिन्याला वेळेवर येतील असं धरून घरभाडं ठरवू नकोस.
उंदरांचं सांगतो. 60 टक्के कॅलरी फॅटमधून येतील असं खाणं द्यायचं आणि 12-16 आठवडे वजनं करत बसायचं, मग उपाशी ठेवून ग्लुकोज टोचायचं, शेपटीतून थेंब थेंब रक्त घेऊन दोन तास शुगर मोजायची. एक बॅच फसली की चार महिने गेले. आणि उंदीर कुठला ते विचार. लॅबमध्ये सर्रास वापरतात त्या ब्लॅक सिक्स उंदरांच्या 'जे' प्रकारात एनएनटी नावाचं जीन बिघडलेलं असतं, इन्शुलिन कमी सुटतं, 'एन' मध्ये ते शाबूत असतं. नॉकआउट (एखादं जीन मुद्दाम बंद केलेले उंदीर) एका प्रकारचे अन् कंट्रोल (तुलनेचे साधे उंदीर) दुसऱ्या प्रकारचे निघाले तर फरक जीनमुळे की जातीमुळे, सांगता येत नाही. इंटरव्ह्यूत गाईडलाच विचार हे, काय उत्तर येतं त्यावरून लॅब कळेल.

साखरझोप
माझं मत माणसांना. पुण्यात केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांच्या टीमने 1993 पासून आसपासच्या 6 गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला ना, त्यात बाळांचं वजन सरासरी 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं 3.5. पण आपल्या बाळांत चरबी त्या मानाने टिकून! पुढे हीच मुलं 6 वर्षांची झाल्यावर, ज्यांच्या आयांचं बी12 व्हिटॅमिन कमी आणि फोलेट (तेही व्हिटॅमिनच) जास्त होतं त्यांच्यात इन्शुलिन रेझिस्टन्स (इन्शुलिनला शरीर नीट दाद देत नाही ते) जास्त दिसला. हे पिंजऱ्यात बघून सुचलं असतं का?
त्रास आहेच म्हणा. उपाशी या सांगितलं तरी लोक चहा पिऊन येतात, "नुसता चहाच घेतला हो". आणि डेटा आधीच्या लोकांनी गोळा केलेला असतो, त्यातला कुठला तुकडा तुझा आणि पेपरवर नाव कितवं हे आधीच बोलून घे. स्टॅटिस्टिक्सची भीती असेल तर नकोच.

उंदीरमामा
@साखरझोप मान्य, पण तिथे संबंध दिसतो, कारण सिद्ध करायला परत आमच्याकडेच यावं लागतं. धडधाकट माणसाच्या लिव्हरचा तुकडा कोण देणारे?

कोपनहेगनकर
डेन्मार्कचं सांगते. इथे पीएचडी म्हणजे नोकरी, मास्टर्सनंतर 3 वर्षं, पगार मिळतो, जागेची जाहिरात निघते तिला अर्ज करायचा. कोपनहेगन युनिव्हर्सिटीत फक्त मेटाबॉलिझमचं मोठं सेंटर आहे, नोवो नॉर्डिस्क फाउंडेशनच्या पैशावर. या गावाला त्याचं जुनंच वेड, ऑगस्ट क्रोग नावाचे नोबेलवाले इथलेच, त्यांच्या बायकोला डायबेटिस होता आणि 1922 साली टोरांटोहून इन्शुलिन बनवायची परवानगी त्यांनीच आणली.
पण 3 वर्षं फार कमी पडतात, येतानाच एखादं टेक्निक हातात बसलेलं हवं. आणि यूकेची नुसती ऑफर आली, फंडिंग नाही, तर कर्ज काढून अजिबात जाऊ नकोस.

पंचगंगाकाठची
बापरे, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. 'जे' की 'एन' हे विचारायचं म्हणजे गाईडना राग नाही ना येणार? 🙈

साखरझोप
आला तर तिथे जाऊ नकोस. आणि दोन्हीकडच्या चौथ्या-पाचव्या वर्षातल्या मुलांना गाठ, गाईड नसताना, कॅन्टीनमध्ये. थिसिसचं सबमिशन कधी एवढंच विचार, पुढचं ते आपणहून बोलतील.