युद्धनौकेचे कान बाहेरून विकत घ्यावेत का?

धागाकर्ता : दर्यावर्दी

ऑगस्ट 2014 मध्ये आठवड्याभराच्या अंतराने आपल्या दोन मोठ्या युद्धनौका नौदलात दाखल झाल्या. मुंबईत आयएनएस कोलकाता ही विनाशिका आणि विशाखापट्टणमला आयएनएस कामोर्ता. कामोर्ता तर खास पाणबुड्यांचा माग काढण्यासाठीच बांधलेली. सोनार म्हणजे पाण्याखालचे आवाज ऐकून पाणबुडी शोधणारं यंत्र, जहाजाचे कानच. पण लांब केबलवर जहाजामागे ओढत न्यायचा टोड अ‍ॅरे सोनार दोघींवरही नव्हता. आपल्याकडे त्यासाठी 'नागन' हा प्रकल्प चालू होता, तो तडीस गेला नाही. मधल्या काळात आयातही लांबत राहिली. अखेर नोव्हेंबर 2014 मध्ये जर्मनीच्या अ‍ॅटलास इलेक्ट्रॉनिककडून सहा संच घेण्याचा करार झाला.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. देशी यंत्रणा तयार होईपर्यंत जहाज बहिरं ठेवणं हा गुन्हा आहे. जहाजावर तीनशे-साडेतीनशे माणसं असतात. चांगला सोनार बाहेर मिळत असेल तर घ्यावा, आणि वेळेत घ्यावा. पाकिस्तानने 2015 मध्ये चीनशी आठ पाणबुड्यांचा करार केला, त्यातली पहिली 2024 मध्ये पाण्यात उतरली. हवेवाचून चालणाऱ्या इंजिनामुळे त्या कितीतरी दिवस वर न येता राहू शकतात. आणि त्या वर्गाला नाव दिलंय हँगोर. ते नाव आपण विसरू शकतो का?

खारा वारा

नाही विसरलो. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवच्या समुद्रात पाकिस्तानच्या हँगोर पाणबुडीने आपली युद्धनौका आयएनएस खुकरी बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. तिचे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले.

पण खुकरी ब्रिटिश बनावटीचीच होती ना? म्हणजे तेव्हाही आपले कान विकतचेच होते. विकणारा कधीच आपल्याकडची उत्तम वस्तू विकत नाही, एक पिढी मागची देतो. मला या धाग्याचा सूरच पटत नाही.

दर्यावर्दी

@खारा वारा, हँगोरही फ्रान्सकडून विकत घेतलेली होती. तिचा सोनारही पाकिस्तानने स्वतः बनवलेला नव्हता. तिने खुकरीला आधी ऐकलं, एवढाच फरक. त्या रात्री कोणाचं यंत्र स्वदेशी हा प्रश्न नव्हता, कोणाचं यंत्र चांगलं हा होता.

निवृत्त खलाशी

सोनारच्या खोलीत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. दोघेही यंत्राबद्दल बोलताय, पाण्याबद्दल कोणीच बोलत नाही.

पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो, पण सरळ जात नाही. पाणी गरम तिथे वेगाने जातो, थंड तिथे हळू, आणि जिकडे वेग कमी तिकडे वाकतो. आपल्या समुद्रात वरचा थर तापलेला असतो, त्याखाली तापमान झपाट्याने उतरतं. जहाजाच्या तळाला बसवलेल्या सोनारचा आवाज त्या थराशी येऊन खाली वळतो आणि पुढे एक सावली तयार होते, म्हणजे जिथे आवाज पोचतच नाही अशी जागा. पाणबुडीचा कप्तान नेमका त्या सावलीत जाऊन बसतो. सकाळी जो सोनार लांबचं ऐकतो, तोच दुपारी उन्हं चढल्यावर जवळचंही ऐकत नाही. आम्ही हे रोज भोगलंय. बंगालच्या उपसागरात आणखी वेगळं, गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी वर तरंगतं आणि सगळी गणितं बदलतात.

टोड अ‍ॅरे हवा तो यासाठी. तो थराच्या खाली सोडता येतो, शिवाय आपल्याच इंजिनाच्या गोंगाटापासून लांब राहतो. पण उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यासाठी जुळवलेलं यंत्र इथे आणलं की ते मुकाट कामाला लागत नाही. त्याला आपला समुद्र शिकवावा लागतो. कोचीच्या एनपीओएल या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेचं सागरध्वनी हे जहाज 1994 पासून हीच माहिती गोळा करतंय. ती माहिती परक्या कंपनीच्या हाती द्यायची का, हा खरा प्रश्न.

खारा वारा

खलाशीकाका, अगदी हेच म्हणायचं होतं. ऑगस्ट 2016 आठवा. आपण घेतलेल्या फ्रेंच बनावटीच्या स्कॉर्पिन पाणबुड्यांची 22,400 गुप्त पानं फुटली आणि एका ऑस्ट्रेलियन वृत्तपत्रात त्याची बातमी आली. विकणाऱ्याच्या कपाटात आपलं गुपित असलं की असं होतं. 1998 चाही अनुभव घ्या. पोखरणनंतर अमेरिकेने निर्बंध लावले आणि सी किंग हेलिकॉप्टरांचे सुटे भाग अडले. हेलिकॉप्टर ब्रिटिश, पण आतले भाग अमेरिकन. पाण्यात सोनार सोडून पाणबुडी शोधणारी हेलिकॉप्टरं त्यामुळे जमिनीवर बसली. म्हणजे पैसे आपले, जहाज आपलं आणि चावी दुसऱ्याकडे.

दर्यावर्दी

सी किंगचा मुद्दा मान्य, तो मला खोडता येत नाही. पण त्यावरचा उपाय 'घेऊच नका' हा होत नाही. आज पाणबुड्या शोधणारी पी-8आय विमानं अमेरिकन आहेत, त्याच कामाची एमएच-60आर हेलिकॉप्टरं अमेरिकन आहेत. ती नसती तर हिंदी महासागरात आपण किती ऐकू शकलो असतो?

तळघर

एक भर. देशी म्हणजे कच्चं, हे समीकरण आता जुनं झालं. तळाला बसवायच्या सोनारमध्ये आपण ऐंशीच्या दशकातल्या अप्सोपासून हुम्सापर्यंत आलो. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना नोव्हेंबर 2016 मध्ये 'अभय' हा छोट्या जहाजांसाठीचा सोनार नौदलाला दिला गेला. जून 2025 मध्ये दाखल झालेल्या आयएनएस अर्नाळासारख्या उथळ पाण्यातल्या जहाजांवर तोच आहे. वसईजवळच्या आपल्या अर्नाळा किल्ल्याचं नाव, आणि कानही आपले! ही जहाजं एकूण सोळा आहेत. अडलंय ते टोड अ‍ॅरेपाशी, सगळीकडे नाही. तेव्हा सरसकट वाद घालू नये.

निवृत्त खलाशी

तळघर बरोबर बोलले. म्हणून मी म्हणेन, टोड अ‍ॅरे घ्या, पण करारात एक गोष्ट लिहून घ्या. प्रत्येक पाणबुडीचा पंखा, पंप, गिअर यांचा आवाज वेगळा असतो. त्या आवाजांची वही असते, सोनारने ऐकलेलं त्या वहीशी पडताळायचं असतं. केबल आणि ती सोडायची-गुंडाळायची विंच जर्मन असली तरी मला चालेल. ती वही आणि ती पडताळणारं सॉफ्टवेअर उघडायचा हक्क आपल्याकडे हवा, दुरुस्तीसाठी परदेशी इंजिनिअर जहाजावर चढवायची वेळ येता कामा नये.

खारा वारा

आणि विकणारा त्याला नाही म्हणाला तर?

निवृत्त खलाशी

मग घेऊ नका. त्या बाबतीत मी तुमच्या बाजूचा.

दर्यावर्दी

आणि तोवर जहाजं समुद्रात कशी पाठवायची, काका? त्यांच्यावरची मुलं आपलीच आहेत.