बडोद्यात पाहुणे येतायत, शनिवार ते सोमवार काय काय दाखवू?

निझामपुऱ्यातली_नवी:
नमस्कार मंडळी, आम्ही जूनपासून बडोद्यात आहोत, नवरा युनिव्हर्सिटीत लागला म्हणून मिरजेहून इकडे आलो आणि घर लावणं, गॅस, मुलाची शाळा यातच सगळे महिने गेले, मी स्वतः अजून काहीच धड बघितलेलं नाही. आता डिसेंबरात सासू-सासरे, मोठ्या नणंदबाई आणि त्यांचा दहा वर्षांचा मुलगा येतायत. शनिवारी सकाळी पोचतात आणि सोमवारी रात्रीची गाडी आहे. सासऱ्यांना इतिहासाचं वेड, आत्तापासूनच फोनवर विचारतायत की सयाजीरावांचं काय काय बघायला मिळेल. सासूबाईंचे गुडघे दुखतात त्यामुळे चढउतार फार नको. नणंदबाईंना देवदर्शन आणि खरेदी. आणि भाच्याला मगर बघायचीय, कुणीतरी त्याला सांगितलंय की बडोद्यात भर शहरात नदीत मगरी असतात, खरं आहे का हे??
सोसायटीत ज्याला विचारावं तो म्हणतो स्टॅच्यू ऑफ युनिटीला न्या. म्हणून मी असं ठरवलंय की शनिवारी आराम, रविवारी स्टॅच्यू आणि सोमवारी निवांत राजवाडा. जमेल ना? संध्याकाळी गाण्याबिण्याचं काही असतं का तेही सांगा, आणि रिक्षा बरी की गाडी ठरवू?

दांडियाबाजारकर:
ताई आधी तो सोमवार बदला. लक्ष्मी विलास सोमवारी बंद असतो, त्याच आवारातलं फतेसिंह म्युझियम पण बंद. सासरे मिरजेहून येणार आणि फाटकावरून परत फिरणार, नको ते. राजवाडा रविवारी करा, सकाळी उघडल्या उघडल्या जा म्हणजे गर्दी व्हायच्या आत दरबार हॉल शांतपणे बघून होईल. तिकिटाबरोबर कानाला लावायचं यंत्र मिळतं, त्यात सगळी माहिती आहे, सासऱ्यांना ते द्या आणि त्यांच्या मागे घाई करू नका. हॉलची जमीन व्हेनिसच्या कारागिरांनी केलेल्या मोझेइकची आहे, खिडक्यांना बेल्जियमच्या रंगीत काचा. वाडा बांधायला घेतला मेजर मँट या इंग्रज वास्तुविशारदाने, तो १८८१ मध्ये वारला, मग चिझम या दुसऱ्या वास्तुविशारदाने पुरा केला, १८९० साली. बकिंगहॅमच्या चौपट मोठा हे वाक्य तुम्हाला दिवसात निदान तीन जण ऐकवतील, ऐकून घ्या.
म्युझियमचं वेगळं तिकीट असतं म्हणून लोक ते सोडतात आणि तिथेच फसतात. राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं तिथे आहेत, सयाजीरावांनी खास बडोद्यासाठी काढून घेतलेली पौराणिक चित्रं. आपल्या आज्यांच्या देवघरात जे छापील लक्ष्मी-सरस्वतीचे फोटो असायचे त्यांचा उगम असलेला हात समोर बघायला मिळतो, साडीच्या जरीवर ब्रशचे फटकारे दिसतात. इमारत मुळात राजपुत्रांची शाळा होती.
पण माझं मत विचाराल तर मराठी पाहुण्यांना बडोद्यात एकच जागा दाखवायची झाली तर मी राजवाडा नाही, तांबेकर वाडा दाखवीन. रावपुऱ्यात आहे, बाहेरून बघाल तर लाकडी जुना वाडा, रिक्षावाल्यालासुद्धा दोनदा सांगावं लागतं. भाऊ तांबेकर हे गायकवाडांचे दिवाण होते, एकोणिसाव्या शतकातले, त्यांचा हा वाडा, आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. वरच्या मजल्यावरच्या खोलीत गेलं की भिंती, दारं, छत, काही म्हणजे काही रिकामं सोडलेलं नाही. महाभारत आहे, कृष्णलीला आहे, मराठे आणि इंग्रजांची लढाई आहे आणि मधेच कुठेतरी झग्यातल्या गोऱ्या मडमा. माणसांच्या पगड्या बघा, कुणाची ब्राह्मणी कुणाची मराठेशाही, आपलीच माणसं. जिना मात्र जुन्या वाड्यांना असतो तसा अरुंद आणि उभा आहे, सासूबाईंना खालीच बसवा नाहीतर त्या दिवशी बाजारात पाठवा नणंदेबरोबर.

पुष्पबाग_कँटीन:
दांडियाबाजारकर काका +१, तांबेकर वाडा म्हणजे भारीच. मी फाइन आर्ट्सला आहे, आम्हाला पहिल्या वर्षीच स्केचिंगला तिकडे पाठवतात आणि मग चार वर्षं आम्ही सगळ्या पाहुण्यांना तिकडेच नेतो 😄
माझ्याकडून एकच अॅडिशन, कीर्ती मंदिर. विश्वामित्री नदीच्या पुलाजवळ आहे, गायकवाड घराण्याचं स्मृतिमंदिर, १९३६ चं. लोक पुलावरून रोज जातात आणि आत कुणी जात नाही. आत वरच्या भिंतींवर नंदलाल बोसांची म्युरल्स आहेत, शांतिनिकेतनचे नंदलाल बोस, ते १९३९ ते ४६ च्या दरम्यान इथे येऊन येऊन ती करत होते. एका भिंतीवर गंगावतरण, एकीवर मीराबाई, एकीवर महाभारताचं युद्ध आणि चौथीवर टागोरांच्या 'नटीर पूजा' नाटकातला प्रसंग. मला युद्धाची भिंत सगळ्यात आवडते कारण बाकी तीन शांत आहेत आणि ही एकदम अंगावर येते, घोडे रथ हत्ती सगळे एकमेकांत घुसलेले आणि तरी कुठेही गोंधळ नाही, रेषा कुठून कुठे गेली ते तुम्ही बोटाने दाखवू शकता. वरचा भाग नेहमी उघडा असेलच असं नाही, दारावर जो माणूस असेल त्याला नीट विचारा, आधी विचारून ठेवलंत तर उत्तम.
आणि युनिव्हर्सिटी दाखवा ना पाहुण्यांना, दादा तिथेच आहेत तर! आर्ट्स फॅकल्टीचा घुमट चिझमचाच, विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलेला, तिथे १८८१ पासून बडोदा कॉलेज होतं आणि युनिव्हर्सिटी झाली ती १९४९ मध्ये. मिरजेच्या माणसांनी गोल घुमट बघितलेला असणारच, सासरेबुवा लगेच तुलना करायला बसतील. आमच्याकडे पुष्पबागेत, म्हणजे फाइन आर्ट्सच्या आवारात पण या, बेंद्रे सर १९५० पासून इथेच शिकवायचे, इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे. झाडाखाली दगड फोडत बसलेली पोरं दिसतील, त्यांना काय करताय विचारलं की ती अर्धा तास बोलतात, एवढी तयारी ठेवा. गेटवर ओळखपत्र मागतात, दादा बरोबर असले म्हणजे झालं.

मकरपुरा_मेल:
सगळे स्टॅच्यूच्या विरोधात दिसतायत पण मी म्हणतो जावं. १८२ मीटर उंच आहे, पायाशी उभं राहिलं की माणसाला काहीतरी वाटतंच, आणि ते शिल्प राम सुतारांचं आहे, धुळ्याकडचे, म्हणजे मराठी हातच की. दहा वर्षांच्या पोराला भिंतीवरची चित्रं दाखवून दाखवून किती दाखवणार. फक्त रविवारी फार गर्दी असते आणि सोमवारी बंद. वरच्या गॅलरीचं तिकीट ऑनलाइन आधी काढा, तिथे जाऊन रांगेत उभं राहू नका. बडोद्याहून नव्वदेक किलोमीटर.

दांडियाबाजारकर:
मकरपुरा मेल, विरोध नाही हो. पण अडीच दिवसांतला अख्खा रविवार गाडीत आणि रांगेत घालवायचा आणि राजवाडा सोमवारी बंद म्हणून हुकवायचा, मग बडोद्याला आले कशाला? मला पटत नाही.

नर्मदाकाठ:
मधला मार्ग सांगते. नणंदबाईंना देवदर्शन हवंय ना? मग त्याच रस्त्यावर गरुडेश्वर आहे, स्टॅच्यू जिथे आहे त्या केवडियाच्या थोडं अलीकडे. दत्तसंप्रदायातले वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी, त्यांची समाधी तिथे, १९१४ साली त्यांनी तिथेच देह ठेवला. माणगावचे, म्हणजे आपल्या सिंधुदुर्गातले, आणि शेवटी नर्मदेच्या काठी. मिरजेचे म्हणजे नरसोबाची वाडी तुमच्या अंगणातच, त्यामुळे तुमच्या सासूबाईंना टेंबे स्वामी कोण ते सांगावं लागणार नाही, त्यांची करुणात्रिपदी वाडीला रोज म्हणतात. माझ्या सासूबाई समाधीसमोर बसल्या त्या उठायलाच तयार नव्हत्या, आम्ही गाडीत वाट बघत. देवळात मराठी कानावर पडतं. खाली नर्मदेला उतरायला पायऱ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर वरूनच नमस्कार करायचा.
सोमवारी हेच करा, स्टॅच्यू बंद असल्यामुळे त्या बाजूला गर्दी पण कमी. सकाळी लवकर गाडी काढा. जाताना डभोई लागतं, तिथे हिरा भागोळ बघा, तेराव्या शतकातला वाघेला राजांचा दरवाजा, दगडातलं कोरीव काम असं की सासरे खाली उतरले की परत लवकर चढायचे नाहीत. आणि डिसेंबर आहे तर डभोईजवळचा वढवाणा तलाव सोडू नका, सयाजीरावांच्या काळात शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला, २०२१ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसार यादीत आहे, थंडीत बाहेरदेशचे पक्षी हजारोंनी उतरतात. भाच्याला दुर्बीण मिळाली तर बघा कुणाकडून. वेळ उरला तर येताना चांदोद, नाव करून संगमावर जाता येतं. रात्रीची गाडी आहे म्हणून पाचच्या आत परत फिरा, डभोई रोडला संध्याकाळी ट्रॅफिक लागतं.

कामाटीबाग_वॉकर:
मगरीचं कुणीच सांगितलं नाही! खरं आहे हो बाळा, विश्वामित्रीत मगरी आहेत आणि भरपूर आहेत. आणि डिसेंबर म्हणजे एकदम योग्य वेळ, थंडीत त्या उन्हाला बाहेर येऊन चिखलात पडून राहतात. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला ऊन वर आलं की पुलावरून खाली बघा, लांबून आधी ओंडकाच वाटतो, मग कधीतरी तो ओंडका तोंड उघडतो. काठावर उतरायचं मात्र नाव काढू नका, पोराचा हात धरा.
ह्याच कामाला सयाजीबागेत जा (आम्ही अजून कामाटी बागच म्हणतो), सगळं एकाच ठिकाणी होतं. शनिवारी दुपारी बागेतलं म्युझियम करा. निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, इजिप्तची ममी आहे, भाच्याचं काम झालं. मोठ्यांनी अकोट्याचे ब्राँझ शोधा, १९५१ मध्ये आपल्या अकोट्यातच जमिनीत सापडलेल्या जैन मूर्ती, पाचव्या शतकापासूनच्या, आता ज्या अकोट्यात फ्लॅट आणि स्टेडियम आहे तिथल्या. सासूबाईंना बागेत बाक आहेत. आणि बागेतच संकल्पभूमी आहे, ती चुकवू नका. बाबासाहेबांना सयाजीरावांनी १९१३ मध्ये शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवलं, परत येऊन ते बडोद्याच्या नोकरीत लागले तर राहायला घर मिळेना, पारशी धर्मशाळेतून पण काढलं, तेव्हा २३ सप्टेंबर १९१७ ला ते इथे झाडाखाली बसले होते. महाराजांचं कौतुक ऐकून झालं की इथे पण यायलाच पाहिजे, त्याच राज्यात हे पण घडलं.
खाण्याचं: सेव उसळ खायचीच, कीर्तीस्तंभापाशी. तिखट तरी वेगळी देतात, आधी चाखा मग ओता, मिरजेचे असाल तर ओताच. घरी न्यायला लीलो चिवडा आणि दुलीरामचे पेढे. रिक्षा शहरात पुरते, पोळांमध्ये, म्हणजे जुन्या गल्ल्यांमध्ये, गाडी न्यायचा तर विचारसुद्धा करू नका.

पुष्पबाग_कँटीन:
गाण्याचं राहिलं की. सूरसागर तलावाजवळ म्युझिक कॉलेज आहे, १८८६ मध्ये गायक मौलाबक्षांनी सुरू केलेल्या गायनशाळेतून आलेलं, भातखंड्यांनी पहिली संगीत परिषद १९१६ मध्ये बडोद्यातच भरवली होती. तिथे विद्यार्थ्यांचे कार्यक्रम अधूनमधून असतात, बाहेरच्या बोर्डावर चिकटवलेलं असतं, आठवडाभर आधी जाऊन बघा. तिथून दांडिया बाजारात अरविंद घोष राहायचे ते घर पण जवळ आहे, शांत आहे, बसायला छान. काही नाही मिळालं तर सूरसागरच्या काठावर बसा, मधे शंकराची मोठी मूर्ती आहे, संध्याकाळी दिवे लागतात. न्याय मंदिर, म्हणजे जुन्या कोर्टाची इमारत, समोरच, बाहेरून बघून घ्या.

निझामपुऱ्यातली_नवी:
बापरे किती लिहिलंत सगळ्यांनी, मी हे सगळं सासऱ्यांना वाचून दाखवलं. आता असं ठरलंय: शनिवारी दुपारी कामाटी बाग, म्युझियम, संकल्पभूमी, संध्याकाळी सूरसागर. रविवारी सकाळी आधी पुलावर मगर (पोरगा झोपणार नाही), मग राजवाडा आणि रविवर्मा, जेवून दुपारी सासरे आणि नवरा तांबेकर वाड्याला आणि आम्ही बायका बाजारात. कीर्ती मंदिर मी उद्याच जाऊन विचारून येते. सोमवारी गरुडेश्वर, टेंबे स्वामींचं नाव काढलं तर सासूबाई म्हणाल्या गुडघ्यांचं माझं मी बघते. स्टॅच्यू पुढच्या वेळी, भाच्याची थोडी कुरकुर आहे.
नर्मदाकाठताई, गरुडेश्वरला दुपारचा प्रसाद मिळतो का की डबा घेऊन जाऊ?

नर्मदाकाठ:
डबा घ्या. प्रसादाची वेळ गाठायची म्हणून मग वढवाणा पळतपळत होतो, आणि पक्षी सकाळीच बघायचे असतात. दशमी आणि लसणाची चटणी, झालं. पाण्याच्या बाटल्या जास्त ठेवा.

मकरपुरा_मेल:
त्या पोराला स्टॅच्यूला मी नेतो पुढच्या वेळी 😀