हटवायचे असेल तर कारण सांगून हटवा: ग्रुपवरच्या चर्चेवर अ‍ॅडमिनचा अधिकार किती असावा?

मुळाकाठ (चर्चेचा प्रस्ताव)

आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर या उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरवरून वाद झाला. फाटकावरच्या सुरक्षारक्षकाच्या वहीत टँकरच्या जितक्या फेऱ्या नोंदलेल्या आहेत, त्यापेक्षा बिलातल्या फेऱ्या जास्त कशा, असे एका सदस्य बाईंनी विचारले. त्यावर पहिले उत्तर आले, ‘आधी थकलेला मेंटेनन्स भरा, मग हिशेब मागा.’ दुसऱ्या गृहस्थांनी लिहिले, ‘बायकांनी घरातला हिशेब पाहावा, सोसायटीचा पाहायला आम्ही आहोत.’ त्यानंतर त्यांच्या दिवंगत पतींचे नाव घेऊन जे लिहिले गेले, ते येथे पुन्हा लिहिण्याची माझी इच्छा नाही. ग्रुपचे अ‍ॅडमिन कार्यकारिणीतही आहेत. त्यांनी रात्री सगळेच मेसेज काढून टाकले आणि ‘कृपया ग्रुपचे वातावरण बिघडवू नये’ एवढी एक ओळ लिहिली. सकाळी ज्यांनी ग्रुप उघडला त्यांना मेसेज हटवल्याच्या नोंदींची एक रांग तेवढी दिसली. त्यातला प्रश्न कोणता आणि अपमान कोणता, हे कळायला काहीच मार्ग नव्हता.

माझा आक्षेप हटवण्याला नाही. त्या बाईंविषयी जे लिहिले गेले ते तासभरसुद्धा तिथे राहायला नको होते. आक्षेप हा आहे की, अपमान करणारा आणि अपमान सोसणारी यांना एकाच मापाने मोजले गेले, आणि या गडबडीत टँकरचा प्रश्नही नाहीसा झाला. माणसाला दुखवणारा मजकूर वेगळा आणि कारभाऱ्यांना अडचणीचा वाटणारा मजकूर वेगळा. ‘वातावरण’ या शब्दाखाली दोन्ही एकत्र झाकले जातात.

ज्यांच्या हाती वगळण्याचा अधिकार असतो त्यांनी तो कसा वापरावा, याचा एक चांगला नमुना आपल्या संसदेत आहे. लोकसभेच्या कार्यपद्धतीतील नियम ३८० नुसार बदनामीकारक, असभ्य, असंसदीय किंवा सभागृहाला न शोभणारे शब्द कामकाजातून वगळण्याचा आदेश अध्यक्ष देऊ शकतात. परंतु लगेच पुढचा नियम ३८१ असे सांगतो की, वगळलेल्या जागी तारका छापाव्यात आणि हा भाग अध्यक्षांच्या आदेशाने वगळला असल्याची तळटीप द्यावी. सदस्याचे भाषण राहते, त्यातले तेवढे शब्द जातात, आणि ते कोणाच्या आदेशाने गेले हे पन्नास वर्षांनी वाचणाऱ्यालाही कळते. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनीही भारतात ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यम कंपन्यांवर अशीच अट घातली आहे: नियमभंगाच्या कारणावरून स्वतःहून मजकूर काढताना तो टाकणाऱ्याला कारण कळवावे आणि म्हणणे मांडण्याची संधी द्यावी. अ‍ॅडमिनला ही अट कायद्याने लागू नाही, पण तिच्यामागचे तत्त्व शंभर माणसांच्या ग्रुपलाही लागू पडावे.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, कोणाची जात, बाईपण, कुटुंब, आजारपण किंवा थकबाकी काढून केलेला शेरा अ‍ॅडमिनने तत्काळ हटवावा. मात्र त्याच दिवशी ग्रुपवर लिहावे की, अमुक सदस्याचा मेसेज अमुक कारणाने काढला आहे. मूळ प्रश्न जागेवर राहिला पाहिजे. ज्याचा मेसेज गेला त्याला तोच मुद्दा नीट शब्दांत पुन्हा मांडता आला पाहिजे.

जुना सचिव

मी एका मोठ्या सोसायटीचे सचिवपद आणि ग्रुपचे अ‍ॅडमिनपद, दोन्ही सांभाळलेले आहे, म्हणून हा प्रस्ताव मला अव्यवहार्य वाटतो. अ‍ॅडमिन हा बिनपगारी माणूस असतो. तो दिवसभर स्वतःची नोकरी करतो आणि रात्री साडेदहाला फोन उघडतो, तेव्हा ग्रुपवर साठ-सत्तर मेसेज साचलेले असतात आणि दोन घरे एकमेकांवर तुटून पडलेली असतात. अशा वेळी प्रत्येक मेसेज वेगळा तोलून, त्याचे कारण लिहून, आक्षेप ऐकून घेऊन निर्णय द्यायचा म्हटले, तर ते काम संपणारच नाही. कारण लिहिले की त्या कारणावर नवा वाद सुरू होतो, ‘माझाच का काढला, त्यांचा का ठेवला’ ही पुढची शंभर मेसेजची सामग्री होते, आणि मूळ भांडण दोन दिवसांत विझले असते ते पंधरा दिवस धुमसत राहते.

दुसरे म्हणजे, उशीर किती महाग पडतो हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. ती माणसे मंगळवेढा भागातून भिक्षुकीसाठी आलेली होती. मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा त्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होती. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक मेसेज एका वेळी पाचपेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही असे बंधन घातले, पण तोवर पाच जीव गेलेले होते. एखाद्या ग्रुपवर अशी अफवा येते तेव्हा अ‍ॅडमिनने आधी काढावे आणि मग विचार करावा, हेच मला योग्य वाटते.

टँकरच्या हिशेबाबद्दल एवढेच म्हणेन की, हिशेब विचारण्याची जागा सभा आहे. सदस्याने लेखी अर्ज करावा, कागद पाहावेत, वार्षिक सर्वसाधारण सभेत बोलावे. ग्रुप पाणी किती वाजता येणार हे कळवण्यासाठी असतो.

विदर्भवासी

मी वकिली करतो आणि माझा विरोध दोघांनाही आहे. अ‍ॅडमिनच्या हातात न्यायनिवाडा द्यावा हेच मला मान्य नाही.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये एक निकाल दिला, तो या चर्चेला थेट लागू आहे. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातले होते. ग्रुपवर एका महिला सदस्याविषयी एका पुरुष सदस्याने अश्लील भाषा वापरली. अ‍ॅडमिनने त्याला ग्रुपमधून काढले नाही आणि माफीही मागायला लावली नाही, म्हणून अ‍ॅडमिनवरच गुन्हा नोंदवला गेला. न्यायालयाने त्याच्याविरुद्धची कारवाई रद्द केली. सदस्यांना ग्रुपमध्ये घेणे आणि काढणे एवढाच अधिकार अ‍ॅडमिनला असतो, मजकूर टाकला जाण्यापूर्वी तो तपासण्याचे कोणतेही साधन त्याच्याकडे नसते, आणि समान उद्देश किंवा पूर्वनियोजित संगनमत दाखवल्याशिवाय दुसऱ्याच्या मेसेजसाठी त्याला जबाबदार धरता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. शिवी देणाऱ्यावर कारवाई व्हावी, ती पोलिसांनी आणि न्यायालयाने करावी.

‘त्रासदायक’ ठरवण्याचा अधिकार सैलपणे दिला की काय होते, याचेही उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद पडल्याबद्दल फेसबुकवर एका तरुणीने मत लिहिले, दुसरीने त्याला पसंती दर्शवली, आणि पालघरमध्ये दोघींना अटक झाली. त्या प्रकरणात लावलेले, ऑनलाइन त्रासदायक मजकुराला गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, ते ‘त्रास’, ‘गैरसोय’ यांसारख्या शब्दांत काहीही बसवता येते या कारणावरून. चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी असा भेद करून, मजकूर चिथावणीपर्यंत पोहोचल्याशिवाय त्यावर निर्बंध नको, असे न्यायालयाने त्या निकालात सांगितले आहे. देशाच्या संसदेला जी रेषा नेमकी आखता आली नाही, ती सोसायटीच्या अ‍ॅडमिनला आखता येईल असे आपण का मानावे?

बुलढाणेकर

कायद्याच्या पलीकडचा एक प्रश्न मला विचारायचा आहे. सभ्य भाषा म्हणजे काय, हे आजवर कोण ठरवत आले आहे?

१८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीला दूषणे देण्याची अहमहमिका लागली. त्याला उत्तर म्हणून आमच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिले. त्याची भाषा सौम्य नाही. ती पुरुषांना समोर उभे करून जाब विचारते. त्या पुस्तकावर टीकेचे मोहोळ उठले, तेव्हा जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये आपल्या ‘सत्सार’ या प्रकाशनातून ताराबाईंची बाजू घेतली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक मात्र आले नाही. ज्या वर्तमानपत्रांनी शुद्ध, संयत मराठीत विधवांना कुलटा ठरवले ती सभ्य मानली गेली, आणि ज्या बाईने चिडून उत्तर दिले तिची भाषा डोळ्यांवर आली.

आजच्या ग्रुपवर याहून वेगळे घडत नाही. ‘आरक्षणामुळे गुणवत्ता मागे पडते’ हे वाक्य व्याकरणशुद्ध असते, शेवटी नमस्काराची खूण असते, आणि ते राहते. त्यावर ज्याच्या घरात पहिल्यांदाच कोणी पदवीधर झालेले आहे तो माणूस तडकून बोलतो, आणि त्याचा मेसेज हटवला जातो. मुळाकाठ यांची कारणाची नोंद ‘असभ्य भाषा’ या दोन शब्दांत भागवली जाईल, आणि पुढच्या वेळी तो माणूस बोलणारच नाही. शब्दांची उग्रता हा निकष ठेवलात तर चिडण्यासारखे ज्याच्या आयुष्यात काहीच घडलेले नाही, तोच नेहमी जिंकेल.

ओवी

बुलढाणेकर, ताराबाईंना तुम्ही ज्या बाजूला उभे केले आहे, ते मला पटत नाही. त्यांनी एका रूढीवर आणि ती चालवणाऱ्या साऱ्या पुरुषवर्गावर आसूड ओढला. शेजारच्या घरातल्या एका बाईचे नाव घेऊन, तिच्या मेलेल्या नवऱ्यावरून तिला टोचून बोलणे ही दुसरीच गोष्ट आहे. दोन्हींत राग आहे म्हणून दोन्ही सारखी होत नाहीत. एकीत मोठ्या सत्तेला प्रश्न आहे, दुसरीत समोरच्या एका माणसाला बोलण्यापासून हुसकावून लावणे आहे.

विदर्भवासी म्हणतात की तक्रार करावी. गोंदियाच्या प्रकरणातल्या त्या महिलेने तक्रार केलीच होती. अ‍ॅडमिनवरची कारवाई रद्द झाली ती कायद्याने योग्यच असेल, पण तिचा अपमान ज्या ग्रुपवर झाला, तिथे त्या दिवशी कोणी काय केले, हा माझा प्रश्न त्या निकालाने सुटत नाही. गुन्हा ठरण्याइतके वाईट नसलेले, पण माणसाला गप्प करण्याइतके पुरेसे वाईट असलेले बोलणे रोज चालते. पोलीस ठाण्यात त्यासाठी कोणी जात नाही. बायका ग्रुप सोडतात, किंवा ग्रुपमध्ये राहून लिहिणे सोडतात. माझ्या सासूबाई आमच्या ग्रुपवर आता फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहितात. पूर्वी त्या पाणीपट्टीच्या पावत्या तपासून चूक दाखवत असत. मग शेवटी जे चार पुरुष बोलत राहतात त्यांच्या बोलण्याला आपण मुक्त चर्चा म्हणतो. काहीच हटवायचे नाही असे ठरवले तरी कोणी बोलायचे आणि कोणी गप्प बसायचे हे ठरतेच, फक्त ते आडदांड माणसे ठरवतात.

आणि सचिवसाहेब, हिशेब सभेत विचारावा हे म्हणणे ज्यांना रात्री आठच्या सभेला येता येते त्यांना सोपे आहे. लहान मूल झोपवायचे असते तेव्हा बाईला बोलायला मिळणारी एकमेव जागा कधी कधी हातातला फोनच असते.

मुळाकाठ

जुने सचिव यांनी राईनपाड्याचा दाखला दिला, तो मी मान्य करतो आणि त्यामुळे माझ्या प्रस्तावात एक भर घालतो. जिवाला धोका निर्माण करणारी अफवा ताबडतोब हटवावी. पण तिथे तर कारण सांगण्याची गरज अधिक आहे. अफवा गुपचूप काढली तर ज्यांनी ती आधीच वाचली त्यांच्या मनात ती खरीच राहते, किंबहुना ‘दडपली’ म्हणून जास्तच खरी वाटते. ‘हा मेसेज खोटा आहे, गावात किंवा वस्तीत असा प्रकार घडलेला नाही, म्हणून तो काढला आहे,’ ही ओळ त्या हटवण्याइतकीच महत्त्वाची आहे. कारण लिहिल्याने वाद वाढतो, हे त्यांचे निरीक्षण मी नाकारत नाही. वाद काही दिवस वाढेल, पण तो अ‍ॅडमिनच्या निर्णयावर उघडपणे होईल आणि दोन-चार निर्णयांनंतर काय चालते, काय चालत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होईल.

बुलढाणेकर यांच्या मुद्द्याने मला अधिक विचार करायला लावले. शब्दांची उग्रता हा निकष नसावा, हे मला पूर्ण मान्य आहे. निकष लक्ष्याचा असावा: मेसेज मताकडे, निर्णयाकडे, प्रथेकडे रोखलेला आहे की समोरच्या माणसाकडे? तडकून बोललेल्या त्या पदवीधराच्या घरच्याचा मेसेज राहील. ‘मेंटेनन्स भरा मग बोला’ हा सौम्य शब्दांतला मेसेज जाईल, कारण त्यात टँकरचे उत्तर नाही, विचारणाऱ्या बाईंची लायकी काढलेली आहे.

विदर्भवासी यांच्या कायद्याला माझा आक्षेप नाही, पण तुरुंगात पाठवण्याच्या अधिकाराला जी कसोटी लावायची तीच एक मेसेज काढण्याला लावायची, हे मला पटत नाही. पालघरच्या मुलींना अटक झाली होती. इथे मुद्दा नव्याने लिहिण्याची मुभा देऊन एक वाक्य काढले जाते.

विदर्भवासी

लक्ष्याचा निकष मला पहिल्यापेक्षा बरा वाटतो आणि शिक्षेतला फरकही मी मान्य करतो. तरी एक अडचण तशीच राहते. २०२२ पर्यंत अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज सर्वांसाठी हटवताच येत नव्हता. ती सोय नंतर आली. म्हणजे नागपूरच्या निकालाच्या वेळी अ‍ॅडमिनजवळ जो अधिकार नव्हता तो आज आहे, आणि अधिकार आला की जबाबदारीचा प्रश्नही न्यायालयांपुढे पुन्हा येऊ शकतो. अ‍ॅडमिनने एकदा निवड करून हटवायला सुरुवात केली, की ‘हे का ठेवले’ असे त्याला उद्या विचारले जाईल.

तुमच्या उदाहरणातला खरा दोष मला वेगळ्याच जागी दिसतो. ज्यांच्या बिलावर प्रश्न होता, त्याच कार्यकारिणीतले गृहस्थ अ‍ॅडमिन होते. लोकसभेच्या ज्या नियमांचा तुम्ही दाखला दिला, तिथे वगळण्याचा अधिकार मंत्र्यांकडे नाही, अध्यक्षांकडे आहे. तेव्हा कारण लिहिण्याच्या अटीआधी ही अट घाला की, कार्यकारिणीवर असलेल्या कोणाकडेही ग्रुपचे अ‍ॅडमिनपद राहू नये, आणि अ‍ॅडमिन दोन असावेत, त्यांतील एक महिला सदस्य असावी. एवढे तुमच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव म्हणून मांडलेत, तर माझा उरलेला विरोध मी मागे घेईन.

जुना सचिव

कार्यकारिणी आणि अ‍ॅडमिनपद वेगळे ठेवण्याच्या सूचनेला माझा पाठिंबा आहे. कारण लिहिण्याच्या अटीला मात्र माझा विरोध कायम आहे.