कडू, कडवट की तुरट? बिअरच्या चवीची वही लिहिताना अडलंय

मालदांडी:
आम्ही चौघं मित्र महिन्यातून एकदा आधी न प्यालेली बिअर शोधून आणतो. पुण्यात ब्रुअरीत बसून ताजी पिता येते, सोलापुरात मात्र ओळखीच्या दुकानदाराला "आयात काय आलंय का ओ" म्हणून विचारत राहायचं, नाहीतर पुण्याहून येणाऱ्या कुणाला तरी सांगायचं. प्रत्येक बाटलीची चव मी मराठीत वहीत उतरवतो. परवा एका आयपीएबद्दल (इंडिया पेल एल, बिअरचाच एक प्रकार) लिहिलं, 'आधी संत्र्याच्या सालीचा वास, मग जिभेच्या मागं तुरट'. मित्र म्हणाला हे तुरट नाही, कडू. आमच्या घरी जास्त उकळलेल्या चहालापण तुरटच म्हणतात. कडू लिहावं तर कारलं आठवतं, आणि आपल्याकडं कडू म्हटलं की पुढं बेणं येतंच. काय लिहू?

पूर्वभागातली:
तुरट नाहीच. जांभूळ, सुपारी, कच्चं केळं खाल्ल्यावर तोंड आवळून येतं ते तुरट, त्यात चव कमी आणि स्पर्श जास्त. आयपीएतला कडूपणा हॉप्सचा, म्हणजे एका वेलीची फुलं, ती बिअरसाठी काढलेल्या धान्याच्या उकळत्या रसात टाकली की त्यातली आम्लं बदलून कडू होतात. आम्ही घरी तेलुगू बोलतो, उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, पच्चडीत कडुलिंबाचा फुलोरा असतो तो 'चेदू' आणि कैरीत लागतं ते 'वगरू', आमच्यातल्या लहान पोरालापण हा फरक कळतो. शेजारच्या काकू कन्नड बोलतात, त्यांच्यातही 'कही' वेगळं आणि 'ओगरु' वेगळं.

तिक्त:
योग्य शब्द तिक्त. संस्कृतात कटु म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू. सुंठ, मिरी, पिंपळी मिळून त्रिकटु होतो, त्यातलं कडू काय आहे सांगा? मराठीनं कटुचं कडू केलं, तिक्तचं तिखट केलं आणि दोन्ही अर्थ उलटे लावून बसली. निदान लिहिताना तरी मूळ शब्द वापरावा.

रेघोटी:
तिखट हा तिक्तवरून नाही हो, तीक्ष्णवरून, प्राकृतात तिक्ख. आणि उलटं-सुलटं कसलं, ज्ञानेश्वरांच्याही आधीपासून लोक बोलतायत ती भाषा चुकीची कशी? तिक्त लिहिलं तर बाटली औषधाच्या कपाटात ठेवावी लागेल. मला विचाराल तर कडसर. आमची आजी कोवळ्या मेथीला कडसर म्हणायची, थोडं कडू पण हवंहवंसं. कडवट नको, कडवट बोलणं असतं.

पूर्वभागातली:
बदाम कडवट निघतो की. तो काय बोलतो का?

रेघोटी:
निघतो, आणि आपण थुंकतो ना ताई. तेच म्हणतोय मी.

चादरवाला:
चव राहूदे, आधी 'क्राफ्ट' बिअरला, म्हणजे छोट्या ब्रुअरीत थोडी थोडी बनवतात तिला, शब्द काढा. सोलापूरला हातमाग कुणी शिकवायला नको, मग 'हातची बिअर' का नको? हातसडीचा तांदूळ म्हणतो तसंच.

तिक्त:
आणि हातभट्टी?

चादरवाला:
म्हणूनच तर भांडतोय. हात शब्द एवढा चांगला, तो एका भट्टीपायी सोडून द्यायचा का? आणि भट्टीत दारू गाळतात, म्हणजे वाफ करून थंड करतात. बिअर कुणी गाळत नाही, ती आंबवतात, इडलीच्या पिठासारखी. आमच्याकडं चांगली शिकलेली माणसंपण 'बिअर गाळायचा कारखाना' म्हणतात तेव्हा लई राग येतो.

मालदांडी:
हे बरोबर, मी वहीतपण 'आंबवलेली' असंच लिहितो. पण क्राफ्टला मी क्राफ्टच ठेवलंय, दुकानदाराला हातची बिअर मागितली तर तो काय देईल मला कळंना.
आता दुसरी अडचण. काल जर्मन हेफेवाइत्सेन मिळाली, हेफे म्हणजे यीस्ट आणि वाइत्सेन म्हणजे गहू. तळाशी यीस्ट बसलेलं असतं, शेवटचा घोट बाटलीत घोळवून ग्लासात ओततात. केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, दोन्ही न घालता, तो यीस्टचाच. रंगाला गढूळ लिहिलं तर बायको म्हणाली गढूळ म्हणजे पावसाळ्यात नळाला येतं ते. आणि तळाचं जे असतं त्याला काय म्हणू? गाळ नको.

तिक्त:
यीस्टला किण्व. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुरेच्या प्रकरणात आहे, नवा शब्द नाही.

पूर्वभागातली:
किण्व वहीत चालेल, पण तळाला बसतं तो साका.

चादरवाला:
साका पिठाचा. कुरडईसाठी गहू भिजवून वाटला की वरचं पाणी ओतून खाली राहतो तो. यीस्टचा कसा?

पूर्वभागातली:
ही बिअर तरी कशाची आहे? गव्हाचीच की. आणि कुरडईचा गहू तीन दिवस भिजतो तेव्हा आंबतोच, वास घेऊन बघा कधी.

रेघोटी:
आमच्याकडं त्याला चीक म्हणतात, साका नाही.

चादरवाला:
चीक वेगळा. ओला असतो तोवर चीक. माढ्याकडं विचारा.

मालदांडी:
माझं आजोळ माढ्याकडंच, रविवारी मामीला फोन लावतो. आयपीएपुढची ओळ तोवर मोकळी ठेवलीय.